पंपिंग २५ टक्के असताना बायपास : ऑपरेशनचं रोखठोक परीक्षण

इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ २५ टक्के’ असं आलं की घरात एकच अर्थ लागतो : हृदय पाऊण बंद पडलं. तसं नसतं. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, एवढंच तो आकडा सांगतो. ठणठणीत माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणाचाच नसतो. शिवाय दुखावलेला कप्पा हळूहळू फुगत जातो. १०० मिली मावणाऱ्या कप्प्यातून ६० टक्के बाहेर पडलं तर ६० मिली होतं, आणि २०० मिली मावणाऱ्या फुगलेल्या कप्प्यातून ३० टक्के पडलं तरी ६० मिलीच होतं. म्हणून ईएफ ३० असलेला माणूस खाटेवर बसून गप्पा मारत असतो आणि रिपोर्ट वाचून नातेवाईकच आडवे होतात. फुगण्याची किंमत वेगळी असते. ताणलेल्या भिंतीला जास्त ऑक्सिजन लागतो, झडपेचं तोंड ओढलं जाऊन ती गळू लागते, आणि अशा स्नायूत जीवघेण्या लयी पटकन सुरू होतात.

हे परीक्षण कुठल्या हॉस्पिटलचं किंवा सर्जनचं नाही, ऑपरेशनचंच आहे. रुग्णही ठरावीक : हृदयाच्या धमन्यांत अनेक ठिकाणी ब्लॉकेज आणि ईएफ ३५ किंवा त्याखाली. अशा माणसाला बायपास काय देते, बदल्यात काय मागते आणि कुठे माती खाते, एवढंच बघायचं आहे. कौल आधीच सांगून टाकतो. योग्य रुग्णात सौदा चांगला आहे, पण हिशेब उलटा आहे : किंमत सगळी पहिल्या महिन्यात रोख मोजायची आणि परतावा दोनेक वर्षांनी सुरू व्हायचा. हे आधी कुणी समजावलं नसेल तर तिसऱ्या महिन्यात रुग्ण ‘एवढं करून मिळालं काय?’ असं विचारतो, आणि त्याच्या जागी त्याचं चुकतही नाही.

दहा वर्षांचा हिशेब

या विषयात सगळ्यात भक्कम पुरावा ‘स्टिच’ या चाचणीचा. २००२ ते २००७ या काळात ईएफ ३५ किंवा कमी असलेले १२१२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठी काढावी तसे दोन गटांत वाटले. ६०२ जणांना फक्त औषधं, ६१० जणांना औषधं अधिक बायपास. २०११ मध्ये पहिला निकाल आला, साधारण पावणेपाच वर्षांचा. औषधांच्या गटात ४१ टक्के दगावले होते, बायपासच्या गटात ३६ टक्के. फरक डोळ्यांना दिसत होता, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हता. ‘कमी पंपिंगमध्ये बायपासचा उपयोग नाही’ असं म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांचं वाचन याच निकालापाशी थांबलेलं असतं.

त्याच रुग्णांना पुढे जवळजवळ दहा वर्षं पाहिलं गेलं आणि २०१६ मध्ये चित्र स्पष्ट झालं. औषधांच्या गटात ६६.१ टक्के मृत्यू, बायपासच्या गटात ५८.९. केवळ हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू पाहिले तर ४९.३ विरुद्ध ४०.५. गटातले निम्मे रुग्ण जायला औषधांवर ६.२९ वर्षं लागली, बायपासनंतर ७.७३. म्हणजे जवळजवळ दीड वर्षाची भर. दुसऱ्या भाषेत, चौदा जणांवर हे ऑपरेशन केलं तर दहा वर्षांत एक मृत्यू टळतो. हृदयविकाराच्या पुढारलेल्या अवस्थेत कुठल्याही एका उपचारासाठी हा आकडा चांगलाच म्हणायचा.

आता याच कागदाची दुसरी बाजू. पहिल्या ३० दिवसांत बायपासच्या गटात २२ जण गेले, औषधांच्या गटात ७. बायपासचा आलेख सुरुवातीला खाली बसतो आणि दुसऱ्या वर्षाच्या आसपास औषधांच्या आलेखाला गाठून वर जातो. आणि ऑपरेशन होऊनही दहा वर्षांत शंभरातले एकोणसाठ जण गेलेच. ‘नवीन हृदय मिळालं’, ‘आता पंचवीस वर्षं बघायला नको’ वगैरे बोलणी हार घालायला आलेल्यांनी करावीत. रुग्णासमोर बसलेल्याने करू नयेत.

चाचणीच्या मर्यादाही माहीत हव्यात. औषधांच्या गटातल्या १७ टक्के लोकांनी पुढे बायपास करूनच घेतली आणि बायपासच्या गटातल्या ९ टक्क्यांची झालीच नाही. अशा अदलाबदलीने खरा फरक झाकला जातो. डाव्या मुख्य धमनीत मोठं ब्लॉकेज असलेले लोक या तुलनेत घेतलेच नव्हते, कारण त्यांना नुसत्या औषधांवर ठेवणं धोक्याचं. बायका फक्त १२ टक्के होत्या. आणि तेव्हाच्या औषधांच्या यादीत आज हातात असलेली दोन दमदार औषधं, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन आणि ग्लिफ्लोझिन गट, नव्हती. आज औषधांची बाजू तेव्हापेक्षा वजनदार आहे. अर्थात ती औषधं बायपास झालेल्यालाही मिळतात, त्यामुळे पारडं नेमकं किती सरकलं हे जुन्या आकड्यांवरून काढता येत नाही.

जितकं हृदय वाईट, तितका फायदा

ऐकायला विचित्र वाटतं, पण स्टिचच्या आकड्यांतून हेच निघालं. तीन गोष्टी मोजल्या : तिन्ही मुख्य धमन्यांत आजार आहे का, ईएफ २७ च्या खाली आहे का, आणि आकुंचन झाल्यावरही कप्प्यात उरणारं रक्त शरीराच्या दर चौरस मीटरमागे ७९ मिलीपेक्षा जास्त आहे का. यातल्या दोन किंवा तिन्ही गोष्टी असलेल्यांना बायपासचा फायदा ठळक मिळाला. एकच असलेल्यांना किंवा एकही नसलेल्यांना फारसा नाही. म्हणजे ‘पंपिंग फारच कमी आहे, आता ऑपरेशन नको’ हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. कमी पंपिंग हे नकाराचं कारण कमी वेळा असतं. नकाराची खरी कारणं दुसरीकडे असतात आणि ती बहुधा रिपोर्टच्या पहिल्या पानावर नसतात.

त्यातलं एक कारण तपासायला यंत्रही लागत नाही. सपाट बोळात सहा मिनिटं चालायला लावायचं. जे ३०० मीटरचा पल्ला गाठू शकत होते त्यांना बायपासने तारलं. ज्यांना तेवढं चालवत नव्हतं त्यांच्यात पहिल्या दोन महिन्यांतच मृत्यू जास्त झाले आणि पुढचा फायदाही हाती लागला नाही. कारण उघड आहे. अंगात ताकद, मांडीला स्नायू, फुफ्फुसांत राखीव श्वास असेल तरच छाती उघडल्यानंतरचे आठ दिवस झेपतात. वयाचंही तसंच. साठीच्या आतल्याला एकूण आयुर्मानात जास्त फायदा मिळतो. वय वाढत जातं तसा तो घटतो, कारण मधल्या काळात दुसरे आजार नंबर लावून उभे असतात. हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू मात्र वयस्करांतही कमी होतात.

‘स्नायू जिवंत आहे का’ ही तपासणी

हिच्यावर बराच वेळ जातो, म्हणून जरा तपशिलाने. रक्त कमी पडलेला स्नायू दोन तऱ्हांनी गप्प बसतो. एक स्तब्ध : अ‍ॅटॅकनंतर रक्त परत आलं, पण स्नायू काही दिवस ते काही आठवडे हलत नाही. दुसरा सुप्त : रक्त महिनोन्‌महिने कमी, म्हणून स्नायूने जगण्यापुरतं चालू ठेवून आकुंचन थांबवलेलं. तिसरा प्रकार मेलेल्या स्नायूचा, म्हणजे वणाचा. सुप्त स्नायूला रक्त दिलं तर तो परत हलू शकतो, वण हलत नाही. इकोवर भिंतीची जाडी ६ मिमीच्या खाली गेली असेल तर तिथे वणाचीच शक्यता जास्त. एमआरआयमध्ये वण जाडीच्या निम्म्याहून जास्त भागात पसरला असेल तर त्या भागाची आशा कमी. डोब्युटामाइन (हृदयाला जोर आणणारं औषध) देऊन केलेल्या इकोत थोड्या डोसला भिंत हलली आणि डोस वाढवल्यावर परत थबकली, तर तो सुप्त स्नायूचा चांगला पुरावा.

तर्क सरळ होता : जिवंत स्नायू सापडला तर बायपास करा, नाही सापडला तर करू नका. स्टिचमध्ये ६०१ जणांची अशी तपासणी झाली होती. दहा वर्षांनंतर दिसलं की जिवंत स्नायू असलेल्यांचं ईएफ सुधारतं खरं, पण बायपासने आयुष्य वाढणं त्या तपासणीवर अवलंबून नव्हतं. आणि ईएफ सुधारलं म्हणून माणूस जास्त जगला, असंही नव्हतं. मग फायदा येतो कुठून? बहुधा पुढचा अ‍ॅटॅक पचवण्यातून. बायपासची नळी, म्हणजे रुग्णाचीच छातीतली धमनी किंवा पायाची शीर, धमनीच्या बऱ्याच खालच्या भागात जोडलेली असते. वरच्या भागात नवीन गुठळी झाली तरी खालचा स्नायू उपाशी मरत नाही. आधीच ईएफ २५ वर आलेल्या हृदयाला आणखी एक अ‍ॅटॅक परवडत नाही, तोच इथे टळतो. म्हणून ही तपासणी निरुपयोगी नाही, पण तिच्या एका ‘निगेटिव्ह’ शिक्क्यावर ऑपरेशनचं दार लावून घेणं आम्हाला पटत नाही.

स्टेंटने हेच काम होईल का?

छाती न उघडता होत असेल तर कुणाला नको आहे? ब्रिटनमध्ये ४० केंद्रांत झालेल्या ‘रिव्हाइव्हड’ या चाचणीने नेमकं हेच तपासलं : ईएफ ३५ किंवा कमी असलेले ७०० रुग्ण, अर्ध्यांना औषधं, अर्ध्यांना औषधं अधिक स्टेंट. २०२२ मध्ये निकाल आला. साडेतीन वर्षांच्या आसपास मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, स्टेंटच्या गटात ३७.२ टक्के, औषधांच्या गटात ३८. ईएफमध्येही फरक नाही. यावरून स्टेंट हरला आणि बायपास जिंकली असं थेट म्हणता येत नाही, कारण स्टिचही पाच वर्षांपाशी काठावरच होती आणि दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे होते. पण छातीत फारसं दुखत नसताना, केवळ पंपिंग वाढेल या आशेवर कुणी चार-पाच स्टेंट सुचवत असेल, तर हा निकाल त्याच्यासमोर ठेवायला हरकत नाही. ताज्या अ‍ॅटॅकमध्ये टाकलेला स्टेंट ही वेगळीच गोष्ट, तिथे तो जीव वाचवतो.

ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस

ऑपरेशन यशस्वी होणं इथे अर्धं ठरतं. सुजलेल्या पायांनी, फुफ्फुसात पाणी असताना, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) चढतीवर असताना टेबलावर घेतलेला रुग्ण आणि तोच रुग्ण आठ-दहा दिवस लघवीचं औषध, विश्रांती आणि मोजून पाणी देऊन कोरडा केल्यावर घेतलेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घाई फक्त छातीत सतत दुखणाऱ्याची किंवा डाव्या मुख्य धमनीच्या गंभीर ब्लॉकेजची. बाकीच्यांना थांबायला वेळ असतो. अ‍ॅटॅकनंतर दुसऱ्याच दिवशी काढलेल्या ईएफवर तर कुठलाच मोठा निर्णय घेऊ नये, स्तब्ध स्नायू तो आकडा खोटा पाडतो.

औषधं थांबवण्याचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावं, तोंडी ठेवू नये. अ‍ॅस्पिरिन सहसा चालू राहते. रक्त गोठू न देणाऱ्या बाकीच्या गोळ्यांत क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी, प्रासुग्रेल सात दिवस आधी, टिकाग्रेलॉर किमान तीन दिवस आधी बंद. सगळ्यात जास्त विसरला जातो तो ग्लिफ्लोझिन गट. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी थांबवावी लागतात. नाहीतर उपाशीपोटी आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तात आम्ल साचतं, आणि साखर मात्र जवळजवळ नॉर्मल दिसते. म्हणूनच ते लक्षात यायला उशीर होतो. हृदयासाठी सुरू केलेली ही गोळी घरचे ‘डायबेटिसची नाही’ म्हणून यादीत सांगतच नाहीत, तिथे घोळ होतो. बीटा ब्लॉकर अचानक तोडू नये.

धोका मोजायला युरोस्कोर-२ नावाचं गणित आहे. त्यात ईएफचे चार कप्पे आहेत : ५० च्या वर, ३१ ते ५०, २१ ते ३०, आणि २० किंवा त्याखाली. पण त्याच गणितात किडनीचं काम, फुफ्फुसाच्या धमनीतला दाब, आधी झालेलं हृदयाचं ऑपरेशन आणि तातडी यांनाही भरपूर वजन आहे. ईएफ २२ आणि बाकी सगळं चोख असलेल्या माणसाचा धोका, ईएफ ४० पण किडनी गेलेली आणि तातडीने टेबलावर घेतलेल्या माणसापेक्षा कमी निघू शकतो. आपला आकडा किती आला, हे विचारण्यात संकोच नसावा.

टेबलावर

हृदय थांबवायचं तर पोटॅशियम मिसळलेलं द्रावण धमन्यांत सोडतात. इथेच कमकुवत हृदयाची पहिली कसोटी. पुढून, म्हणजे महाधमनीच्या मुळाशी सोडलेलं द्रावण ब्लॉकेजमुळे सगळीकडे पोचत नाही. न पोचलेला भाग तासभर उपाशी राहतो आणि जागा होताना रुसतो. म्हणून बरेच सर्जन मागूनही देतात : हृदयाच्या मुख्य शिरेत नळी घालून उलट्या वाटेने. त्याने डावी बाजू चांगली झाकली जाते, उजवी तितकीशी नाही. मग पहिली शिरेची नळी जोडून झाली की तिच्यातूनच द्रावण खाली सोडायचं. रक्तात मिसळून द्यायचं असेल तर साधारण दर वीस मिनिटांनी परत.

धडधडत्या हृदयावर, पंपाशिवाय, म्हणजे हृदय-फुफ्फुसाचं काम तेवढा वेळ करणाऱ्या यंत्राशिवाय बायपास करता येते, आणि सरावलेल्या हातांत ती चांगली होते. पण फुगलेल्या हृदयाची मागची धमनी गाठायची तर ते उचलून फिरवावं लागतं आणि त्याच क्षणी बीपी कोसळतं. अशा वेळी घाईघाईने पंपावर जावं लागणं हा सगळ्यात वाईट मधला रस्ता. पंप लावायचाच तर ठरवून, शांतपणे लावलेला बरा.

नळ्यांबद्दल थोडक्यात. छातीच्या आतली डावी धमनी पुढच्या मोठ्या धमनीला जोडणं हा या ऑपरेशनचा कणा. दहा वर्षांनीही ती ९० टक्क्यांहून अधिक लोकांत चालू असते. पायाची शीर तितकी टिकत नाही. पहिल्या वर्षातच दहातली एक-दोन बंद पडतात आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्या. शीर काढताना ताणली, सिरिंजने जोरात फुगवून पाहिली, तर आतलं नाजूक अस्तर फाटतं आणि गुठळीची सुरुवात तिथेच होते. जोडून झाल्यावर प्रत्येक नळीतला प्रवाह छोट्या अल्ट्रासाउंड पकडीने मोजता येतो. मिनिटाला २० मिलीच्या खाली आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहाला किती अडथळा आहे त्याचा आकडा) ५ च्या वर गेला तर जोड उघडून बघायलाच हवा. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता छाती बंद करण्याला आम्ही कामचुकारपणाच म्हणू.

मग येतो पंपावरून उतरण्याचा क्षण. परफ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारा तंत्रज्ञ, प्रवाह थोडा थोडा कमी करत जातो, भूलतज्ज्ञाची नजर अन्ननलिकेतून घातलेल्या इकोच्या पडद्यावर, सर्जनची थेट उजव्या कप्प्यावर, कारण तोच समोर दिसतो. कप्पा फुगायला लागला, बीपी वर येईना, की परत पूर्ण प्रवाह, दहा-वीस मिनिटं विश्रांती, पुन्हा प्रयत्न. सोबत डोब्युटामाइन, मिलरिनोन किंवा अ‍ॅड्रेनलिन. तरी जमेना तर मांडीच्या धमनीतून बलून पंप : तो महाधमनीत हृदयाच्या विश्रांतीत फुगतो, आकुंचनाच्या आधी चिमतो, त्यामुळे धमन्यांना रक्त जास्त मिळतं आणि हृदयाचं ओझं हलकं होतं. महाधमनीची झडप गळत असेल तर तो लावता येत नाही, आणि लावल्यावर त्या पायाचा रंग आणि नाडी दर तासाला पाहावी लागते.

लेव्होसिमेंडान हे औषध ऑपरेशनच्या सुमारास दिलं तर कमकुवत हृदय सुखरूप उतरेल, अशी मोठी आशा होती. २०१७ मध्ये एकाच वर्षी तीन चाचण्यांचे निकाल आले, लेव्हो-सीटीएस, चीता आणि लायकॉर्न. तिन्हींत अपेक्षित फायदा दिसला नाही. सरसकट ‘प्रोटेक्शनसाठी’ म्हणून ते बिलात दिसलं तर कारण विचारावं. फुगलेला कप्पा कापून लहान करण्याचंही तसंच. स्टिचच्याच दुसऱ्या भागात १००० रुग्ण होते. बायपाससोबत कप्पा कापलेल्यांत त्याचा आकार १९ टक्के कमी झाला, नुसत्या बायपासने ६ टक्के, पण मृत्यूत किंवा भरतीत काडीचा फरक नाही. गळणाऱ्या मायट्रल झडपेत मात्र भेद करावा लागतो. मध्यम गळतीला बायपाससोबत रिंग घातल्याने दोन वर्षांत विशेष काही हाती लागलं नाही. तीव्र गळती असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आयसीयूत काय बिघडतं

कमी ईएफच्या रुग्णाला सगळ्यात जास्त भीती ‘लो आउटपुट’ची, म्हणजे हृदयातून शरीराला पुरेल इतकं रक्त बाहेर न पडण्याची. खूण सोपी : हात-पाय गार, लघवी तासाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिलीच्याही खाली, रक्तातलं लॅक्टेट चढतं. याच्या उलट, हात-पाय ऊबदार आणि तरी बीपी खाली असेल तर रक्तवाहिन्या सैलावल्यात. तिथे हृदयाला चाबूक मारणारं औषध वाढवून उपयोग नाही, नॉरअ‍ॅड्रेनलिन किंवा व्हासोप्रेसिन लागतं. आणि बीपी खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या, छातीतलं साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून येणारं रक्त अचानक थांबलेलं, असं त्रिकूट दिसलं तर हृदयाभोवती गुठळ्या साचल्याची शंका पहिली घ्यायची आणि छाती परत उघडायची तयारी ठेवायची. इथे एक तास फुकट घालवणं महागात पडतं.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी नाडी अनियमित धावू लागते, साधारण तिघांत एकाची. चांगल्या हृदयाला ते जाणवतही नाही. कमकुवत हृदय मात्र वरच्या कप्प्याच्या जोरावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे लगेच धाप लागते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली जाऊ न देणं, बीटा ब्लॉकर लवकर परत सुरू करणं आणि गरजेनुसार अ‍ॅमिओडारोन, यांनी बहुतेक वेळा आवरतं. किडनी रुसणं, भ्रम होणं, पक्षाघात, छातीच्या हाडाचा संसर्ग हे बाकीचे धोके सगळ्याच बायपासला आहेत. मधुमेहींत साखर १८० च्या आत ठेवली तर शेवटचा बराच टळतो.

घरी गेल्यावरच सेवा तोकडी पडते

आमची खरी तक्रार इथे आहे. ऑपरेशन उत्तम, नळ्या चालू, आणि डिस्चार्जच्या कागदावर हार्ट फेल्युअरची औषधं गायब. आयसीयूत बीपी कमी म्हणून थांबवलेली स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, ग्लिफ्लोझिन परत सुरू कुणी करायची, हे सर्जनला वाटतं फिजिशियन पाहील, आणि फिजिशियनला वाटतं सर्जनने मुद्दाम बंद केली असतील. स्टिचमध्ये बायपासच्या गटालाही पूर्ण औषधं होती, हे विसरून कसं चालेल? चारही गट (ही तीन औषधं आणि बीटा ब्लॉकर) थोड्या डोसवर, दर एक-दोन आठवड्यांनी बीपी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहत चढवायचे. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तिच्या शेवटच्या गोळीनंतर ३६ तास गेल्याशिवाय सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन घ्यायची नाही, घसा आणि ओठ सुजून श्वास अडकू शकतो.

घरात सगळ्यात उपयोगी यंत्र वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, पाणी साचतंय. उशा एकाच्या दोन झाल्या, रात्री उठून बसावं लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पूर्ण घट्ट व्हायला त्याहून जास्त. तोपर्यंत भरलेली बादली उचलायची नाही आणि खाटेवरून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही. खोकताना उशी छातीशी आवळून धरायची. खोकल्यावर हाडात ‘टक’ असं जाणवलं किंवा जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

पाचव्या दिवशी काढलेला इको पाहून खूष किंवा खट्टू होऊ नये. हृदयाभोवतीची सूज आणि औषधांचा जोर यांनी तो आकडा फसवतो. खरा इको तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच मशिनवर, त्याच पद्धतीने, कारण दोन वेळच्या मोजणीत पाच टक्क्यांचा फरक नुसत्या मापण्यातूनही पडतो. २५ चे ३२ झाले तर चांगलं. २५ चे २५ राहिले म्हणून ऑपरेशन वाया गेलं असंही नाही, ते वर सांगितलंच.

त्या तीन महिन्यांनाच दुसरा अर्थ आहे. ईएफ ३५ किंवा खाली राहिलं आणि धाप वगैरे लक्षणं असली तर अचानक मृत्यू टाळणारं शॉक यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवायचा विचार तेव्हा करतात. बायपाससोबतच ते बसवून टाकावं का, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सीएबीजी पॅच’ या चाचणीत ९०० रुग्णांवर पाहिलं गेलं, आयुष्य वाढलं नाही. म्हणून ९० दिवस थांबायचं, औषधं पूर्ण चढवायची आणि मग मोजायचं. ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (धमनीचा नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेचा) असेल आणि क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मुख्य लहर, १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद असेल तर साध्या आयसीडीऐवजी दोन्ही बाजू एकत्र चालवणारं सीआरटी विचारावं.

ही सेवा कुणी घेऊ नये

ज्याच्या धमन्या टोकापर्यंत बारीक आणि चुन्याने भरल्यात, त्याला नळी जोडायला जागाच नसते. चांगल्यात चांगला सर्जनही तिथे काही करू शकत नाही. उजवा कप्पा निकामी, फुफ्फुसातला दाब खूप चढलेला, लिव्हर सुजलेलं, इनोट्रोपचं, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचं सलाईन सुटत नाही, अशा रुग्णाला बायपासच्या टेबलावर नेण्याआधी हृदय प्रत्यारोपण किंवा कृत्रिम पंप लावणाऱ्या केंद्राचं मत घ्यायलाच हवं, कारण छाती एकदा उघडली की पुढचं ऑपरेशन दुप्पट अवघड होतं. आणि ज्याला छातीत दुखत नाही, एकाच धमनीत ब्लॉकेज आहे, ईएफ ३४ आहे, सहा मिनिटांत दीडशे मीटरही जेमतेम होतात, त्याला पहिल्या महिन्याची किंमत मोजून परतावा मिळण्याची शक्यता कमी. त्याने चारही औषधं पूर्ण डोसवर न्यावीत आणि तीन महिन्यांनी परत इको काढावा.